रोज मच्छी शिजणाऱ्या घरातला उपवास

कालवणात मीठ बरोबर पडलंय का, हे मी वासावरून सांगते. चाखत नाही. आमच्या वळ गावात कोणाच्या घरी हळद असली की मला हमखास बोलावणं येतं, आणि मोठ्या टोपावर वाकून मी नुसता वास घेतला की आजूबाजूच्या बायका एकमेकींना कोपर मारतात, बघ गो, हिला चाखायलासुद्धा लागत नाही. मीही हसून मोठेपणा घ्यायचे. खरी गोष्ट अशी की चौदा वर्षं मी मासळी, मटण, अंडं यातलं काही तोंडाला लावलं नव्हतं आणि हे माझ्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

हे लिहायला मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, "तुमच्यासारख्या बायका माझ्याकडे नेहमी येतात. त्यांना माझं पटत नाही, तुमचं पटेल." मी दहावीपर्यंत शिकलेली, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या. औषधांची नावं लिहिणार नाही, मला ती अजून नीट उच्चारता येत नाहीत.

पाय

सुरुवात बोटांपासून झाली. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर बोटंही गेली. होती जागेवरच, पण मला कळेनाशी झाली. चप्पल पायातून निसटून दारात राहायची आणि मी नळापर्यंत पोचलेली असायचे. चालताना जमीन लागायची नाही, गादीवरून चालल्यासारखं सगळं मऊ वाटायचं. खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस मला ते आवडलंही. इतकी वर्षं संध्याकाळी टाचा ठणकायच्या, त्या एकदम गप्प झाल्या होत्या.

मग डोक्यातही तसंच मऊ मऊ झालं. आमच्या घरासमोर पूर्वी भाताची खाचरं होती, आता गोदामं आहेत. दिवसभर कंटेनर ये-जा करतात आणि भांडी हलतात. त्या दिवसांत मला ते कंटेनर आवाज न करता जाताना दिसायचे. दुपारी ओट्यावर बसलं की गोदामांचे निळे पत्रे हळूहळू हलायला लागायचे आणि त्यांच्या जागी माझ्या माहेरची, कशेळीची खाडी यायची. ओहोटी लागलेली. चिखल उन्हात चकाकतोय. माझे बाबा गुडघाभर चिखलात वाकून निवट्या, चिखलातले मासे, धरतायत आणि मी काठावर टोपली घेऊन उभी आहे. बाबांना जाऊन किती वर्षं झाली, पण ते मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, "ये ना गो, पाय टाक." मी पाय टाकायचे. चिखल गार असतो, पायाच्या बोटांतून वर येतो, हे मला आठवत होतं. पण लागत काहीच नव्हतं. हे सगळं मी जागी असताना चालायचं. कोणी हाक मारली की खाडी निघून जायची आणि मी विचारायचे, "काय म्हणालीस?"

शेजारणीचं नाव विसरले. गॅस बंद करायला विसरले. एक दिवस कालवणात दोनदा मीठ पडलं. माझी मुलगी प्रणाली एकवीस वर्षांची आहे, इथल्याच एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. ती हसली आणि म्हणाली, "आई, प्रेमात-बिमात पडलीस काय?" तिच्या बाबांनी काही न बोलता आणखी भात वाढून घेतला. आमच्या घरात तक्रार अशीच करतात.

एका सकाळी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि मी मोरीत आडवी झाले. घसरले नव्हते. डोळे मिटल्यावर मी उभी आहे की नाही हेच मला कळलं नाही.

रोज मच्छी

भिवंडीतल्या एका दवाखान्यात मला दाखल केलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, केस बांधलेले, आवाज शांत. त्यांनी मला उभं करून डोळे मिटायला सांगितलं आणि मी पडणार तोच धरलं. मग एक लोखंडी चिमट्यासारखी वस्तू टेबलावर आपटून माझ्या अंगठ्याला लावली. "थरथर जाणवते?" मी म्हटलं, "कसली?" त्यांनी ती माझ्या गुडघ्याला लावली, कमरेला लावली. कमरेजवळ कुठेतरी लांबून आल्यासारखी थरथर लागली. त्यांचा चेहरा जरा बदलला.

"खाण्यात काय असतं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत माझे यजमान बोलले. त्यांचे तीन टेम्पो आहेत, दिवसभर फोनवर मोठ्याने बोलायची सवय. "डाक्टरीणबाय, आमी आगरी मानसं. आमच्या घरान रोज मच्छी. ओली न्हाय तं सुकी."

"ह्याही खातात ना?"

"म्हंजे काय! हीच तं बनवते."

डॉक्टरीणबाई कागदावर काहीतरी लिहायच्या बेतात होत्या, ते राहिलं. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मी मान हलवली. होकारासारखीच हलली असावी.

यजमान खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे बायका शेवटी जेवतात, आत चुलीपाशी, उरलेल्यात. कोणाच्या ताटात काय आहे हे बघायला तिथे कोणी नसतं. सासूबाई होत्या तोवर त्यांना कळलं होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, नुसतं वरणाचं पातेलं माझ्याकडे सरकवायच्या. त्या गेल्यावर मी आणि वरण, दोघंच उरलो. हळदीत, बारशात कोणी आग्रह केलाच तर उपवास सांगायचे. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार, शनिवार, चतुर्थी. बायका म्हणायच्या, वंदना फार देवभोळी. दूध-दही मला लहानपणापासून चालत नाही, नुसत्या वासाने मळमळतं. चहासुद्धा कोराच. म्हणजे भात, वरण, भाजी आणि कोरा चहा, चौदा वर्षं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं माझं. चुलीवर मासळी रटरटतेय आणि मी तिच्याच अभावाने वाळतेय.

का, ते सांगते

प्रणाली सात वर्षांची असताना तिला ताप आला. पाच दिवस उतरला नाही. सहाव्या दिवशी ती मला ओळखेना. मला म्हणाली, "बाई, माझ्या आईला बोलवा." डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेलाय, बघू. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी आमच्या गावदेवीला म्हटलं, हिला उठव, मी जन्मात मासळी-मटण तोंडाला लावणार नाही. मासळी, कारण मला दुसरं काही इतकं आवडतच नव्हतं. खाडीकाठची पोर मी. निवट्यांच्या कालवणासाठी मी लहानपणी भावाला चावले आहे.

दुसऱ्या दिवशी पोरीने डोळे उघडले आणि पेज मागितली.

माझी आई सांगायची, नवस उघड केला की उलटतो. म्हणून मी कोणाला बोलले नाही. हसू आलं तर हसा. पण सात वर्षांची लेक आपल्याला बाई म्हणते तेव्हा पायाखाली काय उरतं, हे ज्या बाईने अनुभवलंय ती हसणार नाही.

वॉर्ड

दवाखान्यातले दिवस एकमेकांत मिसळून जातात. सकाळी फरशी पुसल्याचा वास, मग सुई, मग चहा, मग नुसतं छत. छतावर पंख्याची सावली फिरायची आणि मी तिच्यात खाडी शोधत बसायचे. तपासण्या झाल्या. एका नळीत घालून पाठीचे फोटो काढले. आत ठकठक ठकठक चालू होतं आणि मी शांत झोपले, तर तिथला माणूस म्हणाला, "मावशी, इथे झोपणाऱ्या तुम्ही पहिल्याच." कोणाला काही सापडेना. यजमान बाहेर फोनवर कुणाला तरी सांगत होते, "पायच ग्येले रं तिचे." ते मला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटत होतं.

रोज दुपारी ते डबा आणायचे. प्रणालीने पहाटे उठून केलेलं कालवण, तळलेली मांदेली. मला डबा देऊन ते औषधं आणायला जायचे. ते वळले की मी डबा वॉर्डातल्या मावशींना द्यायचे आणि दवाखान्याची खिचडी खायचे.

शेजारच्या खाटेवर निजामपुऱ्याच्या जमिला आपा होत्या. त्यांच्या घरात माग, त्यामुळे त्या सदा मोठ्याने बोलायच्या. लूमच्या खडखडाटात संसार केलेल्या बाया हळू बोलूच शकत नाहीत. मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने बकऱ्याच्या पायांचं सूप आणलं. त्यांनी अर्धं माझ्यापुढे केलं. मी म्हटलं, उपवास आहे.

"आज कौन सा?" आपांनी विचारलं. मला आज वार कोणता तेच आठवेना.

आपा माझ्याकडे बघत राहिल्या आणि जन्मात पहिल्यांदाच असेल, हळू आवाजात बोलल्या. "बाजी, तीन दिन से देख रही हूँ. तुम्हारा आदमी मछली लाता है, मावशी खाती है. तुम नहीं खातीं. और डॉक्टर को बोलती हो, खाती हूँ."

"मी नाही, ते बोलले."

"तुम चुप रहीं ना. दाई से पेट नहीं छुपाते, बाजी."

मी भिंतीकडे तोंड करून रडले. पायांसाठी नाही. चौदा वर्षांत कोणीतरी पहिल्यांदा माझ्या ताटाकडे पाहिलं होतं, म्हणून.

निदान

संध्याकाळच्या फेरीत डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. एवढंच सांगितलं की मी खात नाही, दूधही घेत नाही. नवसाचं बोलले नाही. त्या खाटेवरच बसल्या. "किती वर्षं?" सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "अहो ताई, पहिल्या दिवशी सांगायचंत ना."

त्या गेल्याबरोबर मी प्रणालीला फोन लावला. "कुठे आहेस?"

"रिक्षात. का गं?"

"काही नाही. बरी आहेस ना?"

"दवाखान्यात तू आहेस, आई."

रक्ताचा रिपोर्ट आला. शरीरात एक जीवनसत्त्व असतं, ते जवळजवळ संपलं होतं. ते बहुतेक प्राण्यांपासूनच मिळतं, मासे, मांस, अंडी, दूध. ते नसलं की नसांवरचं आवरण झिजतं. खाडी, पत्रे, हरवलेली नावं, सगळं त्यातलंच. ऐकून मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. बाबा मला बोलवतायत असं मी मनात धरलं होतं.

यजमानांच्या समोरच डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं. ते खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "चवदा वर्सं? आन मी काय करत व्हतो?"

"जेवत होता," मी म्हटलं. मला टोचायचं नव्हतं, पण खरं तेवढंच होतं. ते बाहेर गेले आणि त्या दिवशी त्यांचा फोन वाजत राहिला तरी त्यांनी उचलला नाही.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आता मासळी खावीच लागेल ना?" मला त्यांच्या तोंडून हो ऐकायचं होतं. डॉक्टरचा हुकूम असला तर देवीही समजून घेईल. पण त्या म्हणाल्या, "तसं काही नाही. इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत. त्या आयुष्यभर नियमाने घेतल्यात तर शाकाहारीही राहू शकता. खायचं की नाही ते तुम्ही ठरवा." आजवर मला कोणी इतकं अडचणीत टाकलं नव्हतं.

रविवार

काठी घेऊन घरी आले. रोज एक सुई, मग आठवड्याला एक. महिन्याभराने एका सकाळी फरशी गार लागली. मी तिथेच उभी राहून पाय उचलून पुन्हा टेकवला, पुन्हा उचलून पुन्हा टेकवला. प्रणाली बघत होती. तिने हात जोडले आणि डोळे पुसले. मला वाटलं, आनंदाने.

रविवारी यजमानांनी कोलंबी आणली. आता ते सगळ्यांना एकत्र बसवायचे आणि माझ्या ताटाकडे चोरून बघायचे. माझ्या ताटात वरण होतं. प्रणालीच्याही.

"तू का घेत नाहीस?"

"उपवास आहे."

"रविवारचा कसला उपवास?"

तिने मान खाली घातली. ती मान मी ओळखली. ती माझीच होती. हळदीच्या मांडवात, बारशात, चुलीपाशी मी ती चौदा वर्षं खाली घातली होती.

"प्रणाली, काय बोललीस तू देवीला?"

तिने ताटातला भात बोटाने एका बाजूला केला. मग ती म्हणाली, "तू मोरीत पडलीस त्या दिवशी. आईचे पाय परत येऊ देत, मी मच्छी सोडते, म्हटलं. देवीला काय द्यावं, मला दुसरं काही सुचलंच नाही."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तिला मी काहीही शिकवलं नव्हतं, तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, तरी ती नेमकं तेच शिकली होती. मग मी माझा नवस सांगितला, जिन्यातला. तिच्या सातव्या वर्षातला ताप तिला आठवतसुद्धा नव्हता.

तिला राग आला. तिच्या बाबांसारखाच मोठा आवाज आहे तिचा. "माझ्यामुळे तुझे पाय गेले? आणि हे मला आता कळतंय? मला विचारलंस का गं?"

"तू सात वर्षांची होतीस."

"मग पंधराव्या वर्षी विचारायचंस! विसाव्या!" ती उठून गेली. यजमान कोलंबीच्या पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाले, "आता दोघी मिलून सोडा. मी हाय एकटा खायाला." आणि त्यांनीही त्या दिवशी खाल्लं नाही.

त्या आठवड्यात मला एकच गोष्ट समजली. माझा नवस चालू राहिला तर तिचाही चालेल. ती वीस वर्षांनी अशीच भिंतीला धरून चालेल, आणि तिची लेक पुन्हा देवीला काहीतरी बोलेल. हे मला तोडायचं होतं. पण तोडलं आणि तिला काही झालं, तर?

शुक्रवारी काठी टेकत देवळात गेले. देवीला म्हटलं, "तू पोर दिलीस, मी विसरले नाही. पण आता माझ्याच्याने होत नाही. जे काय रागवायचं ते माझ्यावर रागव, तिला हात लावू नको. तिचाही नवस मीच परत घेते, आई आहे मी तिची." घंटा वाजवायला हात वर केला. घंटेला कोणीतरी नवी दोरी बांधली होती.

बोंबील

घरी येऊन सांगितलं, दोघींचे नवस परत घेऊन आले. त्याच दिवशी यजमानांनी बोंबील आणले. प्रणालीने तळले. ती माझ्याशी जेमतेम बोलत होती, पण तळताना तिने तीनदा विचारलं, कुरकुरीत हवेत का मऊ. आम्ही तिघं एका ओळीत बसलो. ती म्हणाली, "आधी तू."

मी तुकडा तोंडात ठेवला. बाहेर कंटेनर जात होता, त्याचा आवाज बंद झाला. जिभेवर तांदळाचं पीठ, तिखट, आणि त्याच्या आत ते मऊ, खारं, पाण्यासारखं काहीतरी. चौदा वर्षं मी त्याचा नुसता वास घेत होते. वास आणि चव यांत किती अंतर असतं, हे मी विसरले होते. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी चावत राहिले. दोन तुकडेच खाल्ले, पोटाला सवय नव्हती. प्रणालीने माझ्यापाठोपाठ सहा खाल्ले. महिनाभराची उपाशी होती ती.

तुम्हाला डॉक्टरने परत खायला सांगितलं असेल, तर थोड्यापासून सुरुवात करा. दुसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलंच होतं.

ताप

चौथ्या दिवशी दुपारी मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून प्रणाली घरी आली. डोळे लाल, अंग भट्टी. ती चटईवर आडवी झाली आणि माझे हातपाय पुन्हा बधिर झाले. या वेळी नसांमुळे नाही.

माझं ताट वाढलेलं होतं, कोलंबीचं कालवण आणि भात. मी ते झाकलं. काठी घेतली.

"कुठे निघालीस?" प्रणालीने डोळे न उघडता विचारलं.

"इथेच."

"देवळात ना? नवस परत बोलायला?" ती कुशीवर वळली. "जा. पण मग मीही बरी झाल्यावर पुन्हा सोडणार. बसू दोघी वरण खात."

यजमान दारात उभे होते. "हिच्या हापिसान चार पोरी तापानं पडल्यान," ते म्हणाले. "त्या चौघींच्या आयांनी बी शुक्करवारी बोंबील खाल्ले का गो?"

मला हसू आलं नाही. माझं अर्धं मन देवळाच्या पायरीवर जाऊन बसलं होतं. आत्ता जाऊन फक्त चार शब्द बोलायचे होते, आणि निदान मी काहीतरी केलं असं झालं असतं. नुसतं बसून राहण्यापेक्षा उपाशी राहणं फार सोपं असतं. हे मला त्या क्षणी कळलं आणि त्याची मला लाज वाटली.

मी काठी ठेवली. यजमानांनी ताट उघडून माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः डॉक्टरला फोन लावायला बाहेर गेले. मी प्रणालीच्या उशाशी बसले. डावा हात तिच्या कपाळावर ठेवला, चटका बसत होता. उजव्या हाताने भात कालवला. चव काही कळली नाही. एकेक घास पाण्याबरोबर उतरवला, पण ताट संपवलं. प्रणाली तोवर झोपली होती.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तो उतरायची वाट न बघता मी तिन्ही दिवस जेवले.